कार्पाथोसपासून पाच मिनिटं

१

ग्रीसमधल्या कार्पाथोस बेटाहून शेजारच्या कासोसला विमान पाच मिनिटांत येतं. एवढ्याच अंतराला बोट दीड तास घेते, आणि दक्षिणेचा वारा सुटला तर ती बंदरात शिरतही नाही. लांबूनच तोंड दाखवून निघून जाते. म्हणून आजारी माणसं, म्हातारी माणसं आणि घाईची माणसं विमानानं येतात. दोन पंख्यांचं लहानसं विमान आहे. वर चढलं म्हणेपर्यंत ते उतरायला लागतं. पट्टा बांधून मान वर करावी, तर खाली आपल्याच बेटाचे खडक दिसतात.

अर्गिरो त्या विमानतळावर कामाला होती. दालन झाडायचं, फरशी पुसायची, चार टेबलांवर कॉफी द्यायची आणि फोन उचलायचा, हे तिचं काम. बाकीचं सगळं निकितास बघायचा. वैमानिकाशी बोलणारा तोच, सामान उतरवणारा तोच, आगीचा बंबही तोच चालवायचा. धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलण्याचं कामही त्याच्याचकडे होतं. डांबर उन्हानं तापलं की शेळ्या तिथे येऊन बसत, आणि हाकलल्याशिवाय हलत नसत.

कार्पाथोसच्या विमानतळावर कालियोपी नावाची बाई होती. विमान सुटलं की तिचा फोन यायचा. "निघालं गं," एवढंच ती म्हणायची. की निकितास गाडी घेऊन शेळ्यांच्या मागे धावायचा.

आणायला मात्र कोणी विमानतळावर येत नसे. एकतर आया मारिना हे गाव तिथून वरच, चढावर आहे. चालत गेलं तरी लगेच घर येतं. दुसरं म्हणजे, हे बेट खलाशांचं. समुद्रावरून येणाऱ्याला वाटेत गाठायचं नाही, मागून हाक मारायची नाही. त्यानं आपल्या पायांनी घराचा उंबरा ओलांडायचा आणि मगच घरच्यांनी त्याला जवळ घ्यायचं, अशी तिथली रीत. जहाजं जाऊन विमानं आली तरी रीत तीच राहिली. बायका घरात बसून कान देत. विमान उतरल्याचा आवाज आला की कॉफीचं भांडं विस्तवावर चढायचं, आणि माणूस दारात येईपर्यंत कॉफी तयार असायची.

ऑक्टोबर संपत आला होता. अर्गिरो दालनाची फरशी पुसत होती, तेव्हा तिला विमान उतरताना ऐकू आलं. तिनं फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि काचेपाशी गेली.

चाकं टेकताना होतो तो बारीक चिरका आवाज झाला. मग पंखे मंदावत गेले, थांबले.

धावपट्टी रिकामी होती. म्हणजे विमान नव्हतं; शेळ्या होत्या. त्या मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. कोणीही न हाकलता एकेक करून त्या बाजूला झाल्या, आणि कडेच्या झुडपांत माना खाली घालून उभ्या राहिल्या.

अर्गिरो बघतच राहिली. तेवढ्यात मागे फोन वाजला.

"निघालं गं," कालियोपी म्हणाली.

२

"पाण्यावरून आवाज पुढे पळतो," निकितास म्हणाला. "शाळेत शिकवलं नव्हतं का तुला?"

"विमान निघायच्या आधीच त्याचा आवाज येतो, असं नव्हतं शिकवलं."

"लक्ष दिलं असतंस तर आज फरशी पुसायची वेळ आली नसती."

"आणि तू दिलं असतंस तर शेळ्यांच्या मागे पळत असतास का रे?"

तो हसला. मग म्हणाला, लांबून दुसरं एखादं विमान जात असेल, त्याचा आवाज समोरच्या आर्माथिया बेटावर आपटून इकडे येत असेल. अर्गिरोला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला काहीही पटतं.

पुढच्या खेपेला तसंच झालं. त्यानंतरच्याही. निकितासनं तो विषय पुन्हा काढला नाही, पण फोन यायच्या आधीच तो गाडीत जाऊन बसायला लागला. शेळ्या हाकलायची गरजच उरली नव्हती. तरी तो बसायचा, काचा वर करून.

मग बेकरीवाल्या मारिगोनं दुकानात एक गोष्ट सांगितली. मारिगोचा नवरा फिलिपिस दात काढून ऱ्होड्स बेटाहून परतला होता. पाव घ्यायला आलेल्या बायकांना ती हात नाचवत सांगत होती.

"विमान ऐकलं, कॉफी चढवली. आले साहेब, बसले, प्यायले. 'छान झालीय,' म्हणाले. मग हात धुवायला आत गेले. मी कप उचलते, तोवर दारातून पुन्हा आत! गाल सुजलेला, आणि वर मलाच ओरडतोय, 'कॉफी कुठाय? विमान ऐकू आलं नाही का तुला?'"

"दाताबरोबर अक्कलही काढून घेतली वाटतं डॉक्टरनं," एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"पण मारिगो, आत गेला होता तो बाहेर कधी आला?" अर्गिरोनं विचारलं.

"आला असेल मागच्या दारानं."

"तुमच्या घराला मागचं दार कुठे आहे?"

मारिगोचा पावावरचा हात थांबला. "नाहीये," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. या वेळी एकटीच.

बायका गेल्यावर तिनं अर्गिरोच्या हातात पाव दिला आणि तो लगेच सोडला नाही. "छान झालीय म्हणाला गं," ती हळूच म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली. कधी म्हणाला नव्हता." तिचे डोळे भरून आले होते. "आता विमानाचा आवाज आला की मी दारात जाऊन उभी राहते. फिलिपिस घरात, माझ्यामागे बसलेला असला तरी."

३

अर्गिरोची आई सेवास्ती गावाच्या वरच्या टोकाला राहायची. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत चूल, टेबल आणि आईची खाट. आतल्या खोलीत मुलांची जुनी खाट आणि तोंड धुवायची जागा. उन्हाळ्यात आईचं हृदय एकदा थांबता थांबता राहिलं होतं. गावातल्या डॉक्टरनं अर्गिरोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ज्यांना भेटवायचं असेल त्यांना भेटवून घ्या."

भेटवायचं एकालाच होतं. अर्गिरोचा थोरला भाऊ साकेलारिस, वडिलांसारखाच खलाशी.

वडील गेले तेव्हा साकेलारिस पिरेअस बंदरात होता. जहाजावर नव्हे, जमिनीवर. दोन विमानं बदलून तो मातीला पोचू शकला असता. तो आला नाही. "जहाज सुटतंय," असा निरोप आला आणि जहाजाबरोबर तो निघून गेला. आईनं त्यानंतर त्याचं नाव घेतलं नाही. त्याचा फोन आला की ती फोन अर्गिरोच्या हातात द्यायची आणि बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालायची, पाऊस पडत असला तरीसुद्धा. पुढे फोनही कमी झाले.

आता अर्गिरोनंच त्याला फोन लावला. "दादा, आता आला नाहीस तर मग येऊच नकोस," ती म्हणाली. मग तो म्हणाला, "मला तिला एक सांगायचंय. तुला नाही सांगणार. तिलाच."

आईला विचारायला अर्गिरो घाबरत घाबरत गेली. आई द्राक्षाची पानं निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"येऊ दे," ती म्हणाली. "एकदाच बोलेन मी त्याच्याशी. मनात जे आहे ते सगळं एकदाच. पुन्हा पुन्हा उकरून काढायला माझ्यात जीव नाही."

"एकदा पुरे झालं, आई."

"आणि वाटेत कोणी जायचं नाही आणायला. तूसुद्धा. इतकी वर्षं कोणाच्या हाताला धरून राहिला नाही, आता उंबऱ्यापर्यंतही त्याचा तोच येईल."

४

साकेलारिस शनिवारच्या विमानानं येणार होता. अर्गिरो त्या आठवड्यात नीट जेवली नाही. तिचं मन तिलाच हसत होतं. पंखे, चाकं, मारिगोची कॉफी. शहाण्या बाईनं असल्या गोष्टींवरून झोप घालवायची का? आणि तरीही शनिवार जवळ यायला लागला तशी ती आईकडे जायची, टेबलाशी बसायची आणि काहीतरी सांगायला तोंड उघडायची.

"काय गं? बोल की."

"काही नाही. म्हणत होते, मी फोन करेपर्यंत दार उघडू नकोस."

"का?"

"विमानाला उशीर होतो हल्ली."

"मला ऐकू येतं, अर्गिरो. डोळे अधू झालेत, कान नाही." आई करंगळीच्या पेराएवढ्या गुंडाळ्या करत होती, भाताच्या, पानात घातलेल्या. साकेलारिसला तशाच आवडायच्या. जरा मोठी झाली की ती उलगडून पुन्हा बांधायची. "तुझे बाबा सिंगापूरहून यायचे तेव्हा बोटीच्या भोंग्यावरून सांगायचे मी, किती वेळात दारात उभे राहतील ते. आणि तू मला विमान शिकवतेस!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगणार तरी काय? दारात साकेलारिस आला तर तो साकेलारिस असेलच असं नाही? असं बोलली असती, तर आजारी कोण आहे असा प्रश्न डॉक्टरला पडला असता. हसं होईल, म्हणून अर्गिरो गप्प बसली आणि गुंडाळ्या बांधू लागली. पुढे ती ज्या ज्या गोष्टींसाठी स्वतःला दोष देत राहिली, त्यांत ही पहिली होती.

५

शनिवारी आकाश स्वच्छ होतं. वारा नव्हता. निकितास आधीच गाडीत जाऊन बसला होता. अर्गिरोनं फरशी पुसली, पुन्हा पुसली, आणि फोनजवळ उभी राहिली.

विमान आलं.

ते तिनं पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. पण या वेळी आवाज इतका जवळून आला की काचा थरथरल्या. चाकं टेकली. पंखे मंदावले. शेळ्या झुडपांकडे चालू लागल्या. मग धावपट्टीकडचं दार उघडल्यावर येते तशी वाऱ्याची झुळूक दालनात आली, आणि ओल्या फरशीचा वास हलला. कोणी दिसलं नाही. गावाकडचं दार मात्र हळूच आपटलं.

अर्गिरो त्या बाजूच्या खिडकीशी गेली.

चढावर एक माणूस चालत होता. पाठमोरा. गडद निळा कोट, हातात काही नाही. उजवा खांदा किंचित खाली. त्या खाली झुकलेल्या खांद्यावरून आई लहानपणी साकेलारिसला चिडवायची, "बादली खाली ठेव रे." तो भरभर चालत होता. घरी जायला आतुर झालेला माणूस चालतो तसा.

फोन वाजला.

"अजून निघालं नाहीये," कालियोपी म्हणाली. "कसलीतरी खोकी चढवतायत. तुझा भाऊ इथे माझं डोकं खातोय, किती वेळ, किती वेळ. पाच मिनिटांचं तर अंतर, बाबा, मी काय ढकलू का विमान? घे, तूच बोल त्याच्याशी."

आणि मग साकेलारिसचा आवाज, जाडा, दमलेला, कानाशी. "अर्गिरो? कशी आहे ती?"

चढावरचा माणूस चर्चच्या भिंतीपाशी पोचला होता.

"दादा," अर्गिरो म्हणाली. "कुठे आहेस तू?"

"कुठे म्हणजे? कार्पाथोसला. काय झालं? बरी आहे ना ती?"

"तू ये. लवकर ये तू."

"मी काय उडवतोय का ते," तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला. "चढतोय आता. ठेवतो."

तिनं लगेच घरी फोन लावला. तो वाजत राहिला. फोन आतल्या खोलीत असायचा, आणि आई आता आतल्या खोलीत नसणार, हे तिला माहीत होतं. तिनं तो तसाच टेबलावर टाकला आणि धावत सुटली.

त्या चढावर ती रोज चालायची. पण त्या दिवशी रस्ता वेगळाच वाटला. कोणी अंगणात नव्हतं. कुत्रीही भुंकत नव्हती. एका खिडकीत मारिगो उभी होती, आणि ती अर्गिरोकडे नव्हे, पुढे चालणाऱ्याकडे बघत होती.

अर्गिरोनं त्याला गाठलं. म्हणजे हाकेच्या अंतरावर आली. त्याच्या मानेवरचे केस दिसत होते. काळे होते, नुकते कापलेले. "साकेलारिस" एवढं म्हटलं असतं तर तो थांबला असता. तिचं तोंड उघडलंसुद्धा. पण घशात दोन गोष्टी एकदम आल्या. हा खरंच दादा असला तर? मागून हाक मारून मी त्याची वाट मोडू? आणि नसला, तर वळल्यावर जे दिसेल ते मला बघायचंय का?

तिनं हाक मारली नाही. तो तिच्या पुढे चालत राहिला आणि ती त्याच्या मागे, सावकाश, पाहुण्याला पोचवायला निघाल्यासारखी.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती, काळ्या रेशमी रुमालानं डोकं बांधून. ती खुर्चीचा हात धरून उठली.

"ये," ती म्हणाली.

त्यानं उंबरा ओलांडला. दार लागलं.

अर्गिरो पायरीवर उभी राहिली. आत खुर्ची सरकली. आई बोलू लागली. शब्द कळत नव्हते, पण तो आवाज अर्गिरोला कळत होता. वडील गेल्यापासून तो तिनं ऐकला नव्हता. मग एक पुरुषी आवाज, हलका, तरुण, थोडंसंच बोलला. आणि मग आई स्पष्ट म्हणाली:

"भीती वाटली होय रे? एवढंच? मग तेव्हाच नाही का सांगायचं, वेड्या!"

आई रडली. आणि रडता रडता हसायला लागली.

अर्गिरोचा हात दारावर होता. नुसतं ढकलायचं होतं. दाराला कडी नव्हती. पण आत आई हसत होती. ते हसू कसं मोडायचं? कशाच्या जोरावर? तो कोणीही असो, त्यानं आईला हसवलं होतं, आणि हे गेल्या कित्येक वर्षांत अर्गिरोला जमलं नव्हतं.

तिनं हात खाली घेतला. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, आणि या वेळी त्याची सावली अंगणावरून सरकली.

६

साकेलारिस चढ चढून आला तेव्हा धापा टाकत होता. प्रत्येक वळणावर थांबून तो गुडघा चोळायचा. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, हातातली बॅग तो ओढतच होता. फक्त खांदा तेवढा तसाच, उजवीकडे झुकलेला. त्याला बघून अर्गिरोला समजलं, की मघाशी पुढे चालत होता तो आजचा साकेलारिस नव्हता. बाबांच्या मातीला जो यायला हवा होता, तो होता.

"तू इथे कशी?" त्यानं विचारलं. "वाटेत गाठायचं नसतं ना?"

"वाटेत कुठे आहे? दारात आहे."

त्यानं बॅग खाली ठेवली, घाम पुसला. "थांब जरा. श्वास घेऊ दे. येताना सबंध वेळ तेच घोकत होतो मी." तो दाराकडे बघत राहिला. "तिला सांगणार आहे, जहाज सुटतंय हे खोटं होतं. वेळ होता माझ्याकडे. बाबांना तसं झोपलेलं बघायची भीती वाटली मला. एवढंच. बाकी काही कारण नव्हतं."

अर्गिरो दारापासून मागे सरली.

"काय गं? पांढरी पडलीस."

"काही नाही. जा तू आत."

आई टेबलाशी बसली होती. चेहरा धुतल्यासारखा, शांत. समोरच्या खुर्चीपुढे एक रिकामा कप होता आणि पानांच्या गुंडाळ्यांची अर्धी ताटली. साकेलारिस उंबरा ओलांडून आत आला आणि हात पुढे करून उभा राहिला. आईनं मान वर केली. ती सभ्यपणे, जरा कुतूहलानं त्याच्याकडे बघत होती.

"कोण हवंय तुम्हाला?"

"आई," अर्गिरो म्हणाली, "साकेलारिस आलाय."

"हो ना. मघाशीच आला." आईनं कप जवळ ओढला. "बोललो आम्ही. झालं सगळं. दमला होता गं पोर. हात धुवून आत पडलाय."

अर्गिरोनं आतल्या खोलीचं दार उघडलं. खाटेवरची चादर ताणून घातलेली होती, सकाळी तिनंच घातली होती तशी. खिडकीला गज. साबण ओला होता. तो आईनंही वापरला असेल. नळ थोडा गळत होता. तिनं तो घट्ट बंद केला आणि मागे न बघता बाहेर आली.

७

डॉक्टरनं समजावून सांगितलं. या वयात, एवढ्या आजारात असं होतं. माणसाची फार वाट बघितली की मनच आधी त्याला घरात आणून बसवतं. "त्यांच्या दृष्टीनं भेट झालीय. समाधानानं जातील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका." साकेलारिसनं मान डोलावली. तो समजूतदार माणूस होता, जहाजावर बऱ्याच गोष्टी पाहिलेला. अर्गिरोनं आपण दाराबाहेर काय ऐकलं ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर आईला जे सांगायला तो आला होता, तेवढंही त्याच्या हातून गेलं असतं.

तो राहिला. आईच्या खाटेशी खुर्ची घेऊन बसायचा, तिला सूप भरवायचा, पाय दाबायचा. आई त्याचे आभार मानायची. "फार त्रास घेता हो माझ्यासाठी," असं म्हणायची. शेजारणीला तिनं सांगितलं, हे कोणी चांगले गृहस्थ आहेत, माझ्या मुलाच्या जहाजावरचे असावेत.

एका दुपारी त्याला राहवलं नाही. तो तिचा हात धरून म्हणाला, "आई, बाबा गेले तेव्हा मी घाबरलो होतो गं. म्हणून नाही आलो."

आईनं त्याच्या हातावर थोपटलं. तिला खरंच त्याची दया आली होती. "अहो, मला काय सांगता," ती म्हणाली. "आपल्या आईला सांगा जाऊन. आईला कळतं."

तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अर्गिरो चुलीशी होती. तिनं सूप ढवळत राहायचं सोडलं नाही, कारण हात थांबवले असते तर ती ओरडली असती. चर्चच्या भिंतीपासून ते अंगणापर्यंत, केवढा रस्ता होता हाक मारायला!

साकेलारिस आतल्या खोलीत झोपायचा नाही. गुडघ्याला खाट टोचते असं सांगून तो टेबलाजवळ जमिनीवर अंथरूण घालायचा. पण एकदा, आईचा डोळा लागलाय असं बघून, तो त्या बंद दारापाशी गेला. दाराची मूठ धरून बराच वेळ उभा राहिला.

"उघड की," अर्गिरो कुजबुजली. "रिकामी आहे. मी बघितलीय."

"रिकामी असली तर ती मला आपला मानणार आहे का?" तो म्हणाला. "आणि नसली, तर..."

त्यानं मूठ सोडली आणि येऊन बसला. मग दोघं बोलू लागली. लहानपणच्या गोष्टी निघाल्या. वडिलांनी पोहायला शिकवताना त्याला धक्क्यावरून ढकललं होतं, ते त्याला आठवलं. तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं, मोठ्यानं हसला, अर्गिरोही हसली.

आईनं डोळे उघडले.

"अर्गिरो," ती म्हणाली, "त्यांना म्हणावं जरा हळू. रागावू नका म्हणावं. पण आत माझा मुलगा झोपलाय."

दोघं गप्प झाली. दुपारची उन्हं अंगणात होती. त्या शांततेत आतल्या खोलीत खाट करकरली, झोपेत कोणी कूस बदलावी तशी, आणि एक लांब, समाधानाचा श्वास ऐकू आला.

साकेलारिस त्या दाराकडे बघत होता. मग त्यानं आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे प्रेम होतं, ते त्याच्यासाठी नव्हतं. पण ते तिथे होतं.

"माफ करा," तो म्हणाला, अगदी हळू. "चुकलं माझं."